कचेरीची चावी कोणाच्या हाती?



मागच्या लेखात पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहताना काय पाहावे, ते लिहिले होते. तो वाचून एका कामगार बंधूंनी विचारले, "सगळे हिशेब आता संगणकात असतात. संगणकच बंद पडला तर आमच्या पैशांचे काय?" प्रश्न साधा आहे, पण माझ्या जिव्हारी लागला. कारण ही वेळ आमच्या संस्थेवर येऊन गेली आहे, आणि तेव्हा मानद सचिव मीच होतो.

आमची संस्था कामगारांची आणि लहान आहे. मुख्य कचेरी आणि एक शाखा मिळून ९ संगणक, आणि ज्याच्यात सगळी खाती असतात तो दहावा, म्हणजे सर्व्हर. देखभालीचे काम बाहेरच्या एका ठेकेदाराला वार्षिक कराराने दिलेले होते. करारावर सही माझी होती. खरे सांगतो, मी तो करार नीट वाचला नव्हता. रक्कम पाहिली आणि सही केली.

२०२३ च्या जून महिन्यातील एक सोमवार. सकाळी कचेरी उघडली तर एकही खाते उघडेना. सर्व्हरची डिस्क बसली होती. डिस्क एकाएकी बसली नव्हती, तिची कुरकुर कित्येक आठवडे चालू होती. ती कळावी म्हणून निगराणीचे विकतचे सॉफ्टवेअरही होते. पण त्याची मुदत ३१ मार्चला संपली होती आणि नूतनीकरण कोणी केलेच नव्हते. त्याआधीचे इशारे ठेकेदाराच्या ज्या माणसाच्या ईमेलवर जात, तो नोकरी सोडून गेलेला. हिशेबाची दुसरी प्रत ज्या डिस्कवर रोज उतरायची, ती फेब्रुवारीतच भरून गेली होती. तेव्हापासून प्रत उतरत नव्हती. दिवा मात्र हिरवा लागत होता, म्हणून आम्ही निश्चिंत!

ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "आधी मागचे बिल द्या, मग पासवर्ड देतो." सर्व्हर आमचा, वीज आमची, पैसा सभासदांचा, आणि आत शिरण्याचा पासवर्ड परक्याकडे. त्या दिवशी मला कळले की आपण आपल्याच कचेरीत भाडेकरू आहोत.

मार्च ते जूनचे सगळे व्यवहार पावती-पुस्तकांवरून आणि छापील रोजकीर्दीवरून पुन्हा भरावे लागले. आमच्या दोन लिपिक भगिनी आणि मी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसत होतो. सतरा दिवस लागले. आमची झोप गेली त्याचे काही नाही. पण त्याच आठवड्यात सफाईचे काम करणाऱ्या एक ताई कर्जासाठी आल्या होत्या. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरण्याची शेवटची तारीख गुरुवार होती. त्यांची बचत किती, जुने कर्ज किती फिटले, हे खाते उघडल्याशिवाय मंजूर कसे करणार? नियम आड आला. ताईंनी कानातले सोने सावकाराकडे शेकडा तीन रुपये महिना व्याजाने गहाण टाकले. मुलीचा प्रवेश झाला. पण जाताना ताई मला एवढेच म्हणाल्या, "दादा, आमच्या पैशाची चावी तुमच्याकडे आहे असं वाटलं होतं."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. आजचा लेख त्या चावीविषयी आहे.

फुकट नव्हे, मुक्त

आमच्या शिपाईमामांचा मुलगा तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन वर्षभर घरीच होता. चाळीतल्या खोलीत एका जुन्या संगणकावर काहीबाही शिकत असे. त्या धावपळीत तो मदतीला आला आणि म्हणाला, "काका, ही निगराणी, ही प्रत काढणं, सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर होतं. मुदत संपत नाही आणि पासवर्ड आपल्याकडे राहतो." संचालक मंडळात हशा पिकला. "फुकटात मिळतं ते टिकणार किती?" असे एकजण म्हणाले. मी बीकॉमचा माणूस. मलाही फुकट शब्दाचा संशयच येतो. म्हणून आधी माहिती काढली.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. त्यामागचा विचार असा की सॉफ्टवेअर कोणालाही वापरता यावे, आतून कसे चालते ते पाहता यावे, गरजेप्रमाणे बदलता यावे आणि दुसऱ्याला देता यावे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. आज जगातील बहुतेक मोठे सर्व्हर त्यावर चालतात. भारत सरकारनेही २०१५ साली सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

म्हणजे इथे महत्त्व किमतीला नाही, हक्काला आहे. विकतच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये आपण वापरण्याची परवानगी तेवढी विकत घेतो. मुदत संपली की दार बंद. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ठेकेदार बदलला, कंपनी बुडाली, तरी आपल्याकडे आहे ते आपलेच राहते. मात्र ते चालवायला माणूस लागतो, यंत्र लागते, शिकायला वेळ लागतो. हा खर्च धरला नाही तर फसगत ठरलेली.

आम्ही काय निवडले

पहिले काम नोंदवहीचे. कचेरीत कोणते संगणक आहेत, कधी घेतले, कोण वापरतो, त्यात काय घातले आहे, याची यादीच आमच्याकडे नव्हती. घरातली भांडी मोजल्याशिवाय कोणते हरवले ते कसे कळणार? यासाठी जीएलपीआय नावाचे चांगले साधन आहे. फ्रान्समध्ये २००३ पासून ते तयार होत आहे. यंत्रांची यादी, दुरुस्तीच्या तक्रारी, करारांच्या तारखा, सगळे त्यात राहते. पण आम्ही ते घेतले नाही. दहा यंत्रांसाठी लिबरऑफिसमधील एक तक्ता पुरतो. पन्नास-साठ संगणकांची कचेरी असेल तर जीएलपीआय जरूर पाहावे. दोन जणांच्या स्वयंपाकाला लग्नाचे पातेले काढू नये.

दुसरे काम निगराणीचे. इथे आम्ही दोन साधने महिनाभर शेजारी-शेजारी चालवून पाहिली. एक नेगिऑस. ते १९९९ पासूनचे, जुने आणि भरवशाचे. पण त्याची मांडणी साध्या मजकुराच्या फायली लिहून करावी लागते. आमच्या लिपिक ताईंकडून एक महिरपी कंस सुटला आणि ते सुरूच होईना. दुसरे झॅबिक्स. लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी १९९८ साली ते आपल्या कामासाठी लिहायला घेतले आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यात बहुतेक गोष्टी ब्राउझरच्या पानावर बटणे दाबून करता येतात. प्रत्येक संगणकावर एक छोटा कार्यक्रम बसतो आणि डिस्क किती भरली, यंत्र चालू आहे की बंद, हे मुख्य यंत्राला कळवत राहतो. डिस्कची तब्येत पाहणारे स्मार्टमॉनटूल्सही त्याला जोडता येते. जून महिन्यात आम्हाला नेमके हेच हवे होते. म्हणून झॅबिक्स घेतले. एका जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स टाकून त्यावर ते बसवले.

पहिल्याच आठवड्यात मात्र फजिती झाली. रात्री प्रिंटर बंद केला की सर्वांच्या मोबाईलवर धोक्याचा संदेश! चार दिवसांत सगळ्यांनी संदेश पाहणेच सोडून दिले. मग बसून ठरवले की फक्त तीन गोष्टींचा इशारा यावा: सर्व्हर बंद पडला, डिस्क पाऊणहून अधिक भरली किंवा बिघडू लागली, आणि रात्रीची प्रत उतरली नाही. लांडगा आला रे आला असे रोज ओरडणारे यंत्र नसलेलेच बरे.

तिसरे आणि सर्वांत मोठे काम दुसऱ्या प्रतीचे. रोजच्या फायलींसाठी आम्ही अर्बॅकअप घेतले. ते दुसऱ्या यंत्रावर बसून सर्व संगणकांच्या प्रती आपोआप उतरवत राहते. नवा संगणक आला की पूर्ण तयार डिस्कची हुबेहूब नक्कल करायला तैवानमध्ये तयार झालेले क्लोनझिला वापरतो. त्यात एक धोका आहे. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हे उलटे निवडले तर चांगली डिस्क पुसली जाते. म्हणून हे काम करताना दोघे हजर हवेत असा नियम केला. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक कचेरीबाहेर, हा जुनाजाणता नियम आहे. आग लागली किंवा पाणी शिरले तर एकाच खोलीतल्या तिन्ही प्रती एकदमच जातात.

आणि प्रत उतरली म्हणजे काम झाले, असे समजू नका. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी आम्ही त्या प्रतीवरून एक खाते दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहतो. ते पासबुकाशी जुळले तरच प्रत खरी. हिरव्या दिव्यावर आता आमचा विश्वास नाही.

चौथे काम, नेटवर्कवर काय काय जोडलेले आहे ते पाहण्याचे. १९९७ पासूनचे एनमॅप हे साधन नेटवर्कवरील यंत्रे हुडकून काढते. पहिल्यांदा चालवले तेव्हा शाखेत एक अनोळखी यंत्र सापडले. कोणीतरी घरून वाय-फायचा डबा आणून लावला होता, तोही विनापासवर्ड! हेतू वाईट नव्हता, पण दार उघडे होते. वायरशार्क हे साधन याच्याही पुढे जाऊन तारेतून काय जाते-येते ते दाखवते. असली साधने मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नयेत. दुसऱ्याच्या कचेरीत किंवा शेजाऱ्याच्या वाय-फायवर तर मुळीच नाही. शिकणाऱ्या मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

पाचवे पासवर्डचे. सगळे पासवर्ड कीपासएक्ससी या मुक्त तिजोरीत आहेत. तिजोरीची चावी म्हणजे एकच मोठा पासवर्ड. तो कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून, लाख लावून अध्यक्ष आणि खजिनदार यांच्याकडे एक-एक ठेवला आहे. ठेकेदाराला स्वतंत्र नाव-पासवर्ड मिळतो आणि करार संपला की तो बंद होतो.

निवडताना काय पाहावे

मुक्त आहे म्हणून डोळे मिटून घ्यावे, असे मी म्हणत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या एका लहानशा मुक्त साधनात चोरवाट घातल्याचे उघडकीस आले. ते साधन अनेक लिनक्स प्रणालींत वापरले जाते, पण सांभाळणारा जवळजवळ एकटाच होता. मदतनीस म्हणून आलेल्याने विश्वास मिळवून घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. खोलात शिरून मूळ मजकूर तपासता आला म्हणून चोरी सापडली. बंद सॉफ्टवेअर सुरक्षितच असते असेही नाही. २०२० च्या डिसेंबरात सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या नेटवर्क निगराणीच्याच साधनात घुसखोरी झाल्याचे कळले. तोवर तो विषारी अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचला होता. पहारेकरीच फितूर झाला तर काय, हा धोका दोन्हीकडे आहे. म्हणून निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, साधन जिवंत आहे का? शेवटची आवृत्ती कधी आली, सांभाळणारे किती, हे पाहावे.

दोन, धोरण बदलले तर काय? रेड हॅट कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले की सेंटओएस ८ चा आधार २०२१ अखेर संपेल. अनेक कचेऱ्यांची धावपळ झाली. पण मूळ मजकूर खुला असल्यामुळे २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. मुक्त असण्याचा फायदा असा अडचणीत कळतो.

तीन, आपली माहिती बाहेर काढता येते का? आमच्या जुन्या नोटिसा एका विशिष्ट फाँटात टाइप केलेल्या होत्या. दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की मराठीच्या जागी नुसती चिन्हे दिसत. आता सर्व मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येतो.

चार, कचेरीतील किमान दोघांना ते चालवता येते का? एकालाच येत असेल तर ठेकेदाराच्या जागी नवा ठेकेदार बसला, एवढेच.

पाच, सगळे एकदम बदलू नये. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ साली लिनक्सकडे जायचे ठरवले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. पण २०१७ मध्ये नगर परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. चांगले साधन असले तरी कामकऱ्यांची कुरकुर आणि कारभाऱ्यांचे मत दोन्ही सांभाळावे लागते. आमचे खात्यांचे सॉफ्टवेअर आजही विकतचे आणि विंडोजवरचे आहे, कारण लेखापरीक्षकांना ते चालते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा नव्या विंडोजच्या अटीत न बसणारे चार जुने संगणक भंगारात न देता त्यांवर लिनक्स मिंट टाकले. पत्रव्यवहार आणि तक्ते त्यांवर छान चालतात. आणि चोरीचे सॉफ्टवेअर कचेरीतून कायमचे गेले, याचे समाधान वेगळेच आहे.

आपल्या मुलामुलींसाठी

हा विषय पतसंस्थेपुरता नाही. शिपाईमामांचा तो मुलगा वर्षभर आमच्याकडे अल्प मानधनावर होता. नंतर त्याला एका रुग्णालयाच्या संगणक विभागात नोकरी लागली. मुलाखतीत त्याला झॅबिक्सविषयीच विचारले. तो ते घरच्या जुन्या संगणकावर शिकला होता आणि आमच्याकडे वापरून तयार झाला होता. शिकण्यासाठी त्याला परवाना विकत घ्यावा लागला नाही. मोठ्या कंपनीत जे साधन असते, तेच जसेच्या तसे चाळीतल्या खोलीत उतरवून घेता येते. हजारो रुपयांचा क्लास लावण्यापूर्वी पालकांनी मुलांना हे करून पाहू द्यावे. केरळमधील सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आहेत. आपल्या वस्तीतील वाचनालयात दोन जुने संगणक ठेवून हे सहज सुरू करता येईल.

तो मुलगा गेला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण जाण्यापूर्वी त्याने एक वही लिहून ठेवली होती, मराठीत, पायरी-पायरीने. गेल्या पावसाळ्यात एका रात्री डिस्कचा इशारा आला. आमच्या लिपिक ताईंनी सकाळी वही उघडली, नवी डिस्क बसवली, प्रत उतरवली. दुपारी बारा वाजता व्यवहार सुरू झाले. मला त्यांनी फोन केला तो सगळे झाल्यावर.

त्या सफाई कामगार ताईंनी सोने सोडवले. २०२३ च्या जुलैत संस्थेचे कर्ज मिळाले ते त्यासाठीच खर्च झाले. व्याजाचा भुर्दंड मात्र त्यांना बसला तो बसलाच, आणि त्यात माझ्या न वाचलेल्या सहीचा वाटा आहे. गेल्या वार्षिक सभेत त्या उठल्या आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "दादा, आता चावी कुणाकडं आहे?" मी लिफाफे कोणाकडे आहेत ते सांगितले. मग त्यांनी विचारले, "आणि उघडून कधी बघितलं?" मी शेवटच्या चाचणीची तारीख सांगितली. ती त्यांनी आपल्या पासबुकाच्या मागे लिहून घेतली.

वाचकहो, तुमचीही एखादी पतसंस्था, युनियन, गृहनिर्माण संस्था असेलच. पुढच्या सभेत उभे राहून हेच विचारा: आमच्या हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे, ती शेवटची कधी उघडून पाहिली, आणि पासवर्ड कोणाकडे आहे? उत्तर तारखेसकट मिळाले पाहिजे. आणि माझ्यासारखे कोणी सचिव हे वाचत असतील तर त्यांनी आजच कपाटातला सेवा करार काढून शेवटच्या पानापर्यंत वाचावा.